गाणी ऐकणारे मासे

दि. ९ मार्च, सकाळ

तीर्थरूप बाबांना,
सुनेचा वाकून नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पट्टी सुटेपर्यंत पत्र वन्संच वाचून दाखवणार. वन्सं, सावकाश वाचा आणि एकही ओळ गाळू नका.

इकडे सगळं ठीक. मी दिवसभर टाक्यांवर असते, त्यामुळे तुमचा मुलगा तीन दिवस उकडलेल्या बटाट्यांवर आहे. तेवढंच त्याला जमतं. तीन नंबरच्या टाकीतले मासे मजेत आहेत. तुमचा रेडिओ त्यांना रोज लावते.

काल शेजारचे काका भेटले. म्हणाले, "तुझ्या सासऱ्यांचं गुपित कळलं. बाराशे मासे आणि वर गाणी. मी पंधराशे सोडले आणि कर्णाच लावला." त्यांचे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. काका कौतुकाने म्हणाले, "बघ, गाणं ऐकायला कसे वर येतात."

बाबा, ते गाणं ऐकत नव्हते. त्यांना श्वास पुरत नव्हता. आपला हवेचा जादा पंप मी तिथे लावून आले.

आता सांगतेच. तीन नंबरमध्ये बाराशे मासे नाहीत, सातशे आहेत. तुम्ही नोव्हेंबरात लग्नाला गेलात, तेव्हा पाचशे मी मागच्या टाकीत हलवले. ती आता गळत नाही. तिची भेग मी कधीच बुजवली.

तुम्हाला आधी सांगून पाहिलं होतं. दाटीत मासा खाल्लेलं सगळं एकमेकांना चुकवण्यात आणि धापा टाकण्यात घालवतो, अंगाला काही लागत नाही. तुम्ही म्हणालात, "मासे काय तुझी पुस्तकं वाचून वाढतात?" मग मी वाद सोडला आणि बादली घेतली.

माझंही पहिल्यांदा चुकलंच. आधी नऊशे काढले. उरलेल्या तीनशेंना ऐसपैस जागा मिळाली, तर ते जमीनदारच झाले. कोपरे वाटून घेतले आणि दिवसभर मारामाऱ्या. खाल्लेलं त्यातच जिरायला लागलं. चारशे परत सोडले, तेव्हा कुठे शांतता झाली.

पुढे मासे अंगाने भरले आणि श्रेय तुम्ही रेडिओला दिलंत. मी तोंड उघडणारच होते. पण माशांची मागची खेप मेल्यापासून रेडिओ लावण्यापलीकडे तुम्ही टाक्यांकडे फिरकला नव्हता, आणि त्या दिवशी मासा हातात धरून लहान मुलासारखे हसलात. माझ्याने बोलवेना.

पुढच्या रविवारी मासे पाळणाऱ्यांच्या सभेत तुम्ही हे गुपित फोडणार. काकांसारखे चाळीस जण ऐकायला येतील आणि घरी जाऊन टाक्या भरतील. म्हणून आज लिहिलं. रेडिओचं खुशाल सांगा, पण आकडा सातशेच सांगा. मी मागच्या रांगेत असेन. बोलावलंत तर पुढे येईन. नाही बोलावलंत, तर सभा सुटताना दाराशी उभी राहून एकेकाला सांगेन.

रागवायचं असेल तर मनसोक्त रागवा, पण घरी येऊन.

तुमचं न ऐकलेली,
तुमच्या टाक्यांवरून न हललेली,
सून