दुभाष्यानं गिळलेलं उत्तर

तू डॉक्टरजवळ खोटं बोलली, माय. इतकी वर्षं मी हे कोणाजवळ काढलं नाई, पण आता माह्यानं राहवत नाई. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्या डॉक्टरनं तुह्या पाठीले नळी लावली, जोरात श्वास घ्या म्हणाला, अन् मंग इचारलं, "बाई, काम काय करता?" तू पदर तोंडाशी धरून म्हणाली, "घरकाम." त्यानं तसंच कागदावर लिवलं. आदल्या सांजेलेच मी दारात बसून तुह्या भुवयांतली रुई चिमटीनं वेचली होती. कापसाची सरकी काढाच्या त्या जिनातून आली का तू ओळखू येत नोती. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, पायाची बोटं पांढरी, फक्त डोळे तेवढे तुहे. शेजारची काकू हासे, म्हणे, "आली वं तुही माय, पिठात लोळून." अन् खोकत खोकत तू मले म्हणे, "काई नाई, सर्दी हाये." सहा सहा महिने कोणाले सर्दी राह्यते का वं?

बरं. तू कशी हायेस हे इचारत नाई, मेलेल्या माणसाले ते इचारून फायदा नाई. मी बरी हावो. गुडघे गेले, दात चार राह्यले, पण सेलूच्या बाजारात सांभाराच्या हिरव्या जुड्या अन् वांगे अजूनही मीच इकते, अन् माह्यासमोर तोंड उघडाची कोणाची टाप नाई. चवथीपर्यंतचं शिकणं माहं, ते तुले माहीतच हाये. नातीच्या जुन्या वहीत मागचं कोरं पान सापडलं, त्यावर लिवून राह्यली. काना-मात्रा चुकली तं चालवून घेजो.

नात म्हणजे तुही पणती, माह्या लेकाची पोरगी. तिची माय ती दोन वर्षांची असतानाच गेली, तवापासून मीच वाढवली. बाप घरात असून बी कॉलेजच्या कागदावर पालक म्हणून माहंच नाव हाये. वर्ध्याले पॉलिटेक्निकले शिकते. आता तिच्या कॉलेजचं अन् तैवान नावाच्या देशातल्या कॉलेजचं काई जमलं हाये. तिकडे चिप बनवते. मोबाइलात, टीव्हीत, ट्रॅक्टरातही म्हणे नखाएवढी चकती राह्यते, तिच्यावाचून काई चालत नाई. अन् ते बनवाले त्यांच्याकडे माणसं कमी पडून राह्यली. म्हणून तिकडचे व्यापारी अन् मास्तर मिळून देशोदेशी फिरते, कॉलेजं पाह्यते, पोट्टे-पोट्ट्या निवडते. दोन वर्षं तिकडे शिकाचं, मंग तिथल्याच कारखान्यात लागाचं. आमच्या पोट्टीचा नंबर लागला. पासपोर्ट आला, बॅग आली, फक्त पालकाची सही राह्यली. सोमवारी कागद द्याचा हाये.

सही मी त्याच दिवशी केली असती. पेन हातात घेतलाही होता. पण तिनं हौसेनं मोबाइलात फोटो दाखवला. पायापासून डोक्यापर्यंत पांढरं, तोंडावर पांढरं, हात पांढरे, कपाळावर टिकली नाई, कानात-गळ्यात काई नाई, फक्त डोळे. माय, माह्या हातून मोबाइल खाली पडला. तूच उभी होती तिथं.

"आजी, मी हावो वं! ट्रेनिंगचा ड्रेस हाये."

"धूळ लागू नये म्हणून का तुले?"

"नाई. माह्या अंगची धूळ चिपेले लागू नये म्हणून. माणसाच्या अंगातून कण झडत राह्यते. एक कण पडला तं चकती बाद."

"म्हणजे हा कपडा तुह्यासाठी नाई."

"नाई."

"मंग तुह्यासाठी काय हाये?"

"आजी, तू बी ना!"

तवापासून तू घरात हायेस. दुपारी सांभाराच्या जुड्या बांधत राह्यली का मागून तुहा खोकला येते, तोच कोरडा, दोनदा येऊन थांबणारा. मी वळून पाह्यत नाई. पाह्यलं तं काय दिसन हे मले माहीत हाये. लेकाले म्हटलं, तुले काई ऐकू येते का, तं तो म्हणे पंखा वाजून राह्यला. पंखा बंद होता.

मागच्या आठवड्यात ते तैवानचे पाव्हणे कॉलेजात आले. पालकांनाही बलावलं होतं. तिथं काचेची एक खोली बनवली हाये, पोट्ट्यांनी तो पांढरा कपडा घालून आत कसं वागाचं हे शिकाले. प्राचार्यांनी कसर ठेवली नाई. दाराशी रांगोळी, नारळ, अन् उदबत्त्यांचा आख्खा पुडा एकदमच पेटवलेला. सगळ्यांत म्हातारी म्हणून ओवाळाले मले उभं केलं. मी पाव्हण्यांले कुंकू लावलं, वर तांदूळ चिपकवले. प्राचार्य म्हणे, "आजी, आता खोलीलेही ओवाळा." मी धुपतं ताट घेऊन आत पाय टाकला, तं त्यांच्यातली एक बाई, पन्नाशीची असन, केस बारीक कापलेले, दोन्ही हात पसरून माह्या आडवी झाली. तोवर धूर आत गेला होता. कण मोजाची कुठलीतरी पेटी टीं-टीं ओरडाले लागली. प्राचार्य घामाघूम. मी म्हटलं, "देवाचा धूर बी चालत नाई का तुमच्या चकतीले?" सगळे हासले, ती बाई बी हासली.

मंग मी तिले तिथंच गाठलं. ताट खाली ठेवलं अन् म्हटलं, "बाई, एवढासा धूर तुमच्या पेटीले कळते. मंग आत माही पोट्टी काय श्वासात घेईन हे बी तुम्हाले कळत असन. गॅस राह्यते म्हणे, तेजाब राह्यते म्हणे. तुमच्याकडे हे काम पयल्यांदा ज्या पोरींनी केलं त्या आता माह्यासारख्या बुढ्या झाल्या असतीन. त्यांचा श्वास कसा हाये?"

त्यांच्यासंग आलेला दुभाष्या पुण्याकडचा, कोट घातलेला. म्हणे, "आजी, हे आपण नंतर विचारू." मी म्हटलं, "तुले नाई इचारून राह्यली. तिले सांग." त्यानं सांगितलं. बाईचं हासणं गेलं. तिनं माह्याकडे पाहून बोलाले सुरुवात केली अन् बोलतच राह्यली. मधात एकदा थांबली, हात छातीवर ठेवला, खाली पाह्यलं, परत बोलली. इतका वेळ बोलली का तिच्या कपाळावरचे तांदूळ वाळून एक एक करून पडले. अन् दुभाष्या काय म्हणते?

"त्या म्हणतायत, सगळं सुरक्षित आहे."

"बस?"

"हो."

"एवढ्या बोलण्याचं एवढंच?"

"त्यांच्या भाषेत जरा लांबच असतं, आजी."

प्राचार्य म्हणाले, चला, चहा थंडा होते. बाई वळून वळून माह्याकडे पाह्यत गेली.

पण पोट्टी आठ महिन्यांपासून त्यांची भाषा शिकून राह्यली. सकाळीच त्या बाईसंग दुभाष्यावाचून बोलली होती, दोघी कशावर तरी हासल्याही होत्या. बाई मले सांगत होती तवा मी पोट्टीकडे पाह्यलं. तिचं तोंड उतरत गेलं, अन् मी पाहून राह्यली हे दिसताच तिनं ते सारखं केलं. येताना एसटीत मी काढलंच.

"काय म्हणे वं ती?"

"कोण?"

"तुही तैवानची मावशी."

"काई नाई, आजी."

"मंग इतकी काय बोलली?"

"मले तेवढी भाषा कुठं येते?"

"हासाले येते अन् ऐकाले येत नाई?"

तिनं खिडकीकडे तोंड केलं. म्हणे, "काई नाई म्हटलं ना. सही कराची नसन तं तसं सांग." तिचा आवाज तिचा नोता, माय. तुहाच होता, पदराआडून येते तसा.

तुले खोटारडी म्हणून मी मोकळी झाली, पण पुरं सांगतलं नाई. तू पडद्यामागं चोळी घालत होती तवा त्या डॉक्टरनं मले जवळ घेतलं. म्हणे, "पोरी, तुझी आई जिनात जाते का?" त्याले संशय आलाच होता, तुह्या कानामागं रुईचा एक पुंजका माह्या नजरेतून सुटून गेलता. मी म्हटलं, "नाई. घरीच राह्यते." तुनं शिकवलं नोतं मले. कोणीच शिकवलं नोतं. तू म्हणाली होती का औंदाचा जिनाचा हंगाम निघाला का धाकट्या भावाले आजीजवळ ठेवून मले परत शाळेत घालशीन, पाचवीत. तुहं जिन सुटलं तं माही शाळा सुटली, एवढं मले कळत होतं. डॉक्टर चांगला माणूस होता, लेकराचं ऐकलं त्यानं. खोकल्याची बाटली देऊन पाठवलं. दोन वर्षांत तू गेली, अन् पाचवी मी काई पाह्यली नाई. तुह्या मयतीत बाया मले धरून रडत होत्या, अन् मी मनात म्हणत होती, कोणी ऐकलं तं नसन ना मी काय बोलली ते.

म्हणून पोट्टीचा राग येत नाई मले, भेव वाटते. मले पाचवीत जाचं होतं, इले तैवानले जाचं हाये.

मी ठरवलं हाये. ती बाई कितीही वाईट बोलली असन, मी सही करीन. शिकाले निघालेल्या पोरीले मी दारात बसवून ठेवणार नाई. पण ती जे हाये ते माहीत असून जाईन, अन् मले सांगून जाईन. हे पान तुले पाठवाचं कुठं? तुहा पत्ता असता तरी मी टाकलं नसतं, तुह्या हाती लागावं एवढी हिंमत माह्यात नाई. रविवारी पोट्टी घरी हाये. कागद अन् पेन मी तिच्यासमोर ठेवीन अन् एकदाच इचारीन. तू तवा येऊन बसशीन हे मले माहीत हाये. बसजो, पण मधात बोलजो नोको. तू नाई, मी नाई, तो दुभाष्या तं नाईच. त्या बाईनं काय सांगतलं ते पोट्टीनंच सांगाचं, माह्या तोंडाकडे पाहून, पयल्या शब्दापासून.