एकोणीस सामने हरलेला फोटो

दादा, तू माणूस आहेस की कुलूप? बावीस वर्षं मी त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या हॉलची फरशी पुसतेय, बावीस वर्षं तुला फोनवर सांगतेय की आज हॉलमध्ये हे झालं, काल ते झालं, आणि तू नुसतं "हं" म्हणून फोन वहिनीकडे देतोस. एकदा तरी तोंडातून निघावं की नाही, की अगं, त्या हॉलमध्ये मीसुद्धा घाम गाळलाय? मला ते परक्या म्हाताऱ्याकडून कळावं, तेही हातात फडकं असताना? नमस्कार राहिला, तो इथे घे. तुला आणि वहिनीला साष्टांग नमस्कार. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुझा खोकला गेला का? की तोही कोणाला सांगत नाहीस? मी बरी आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण कागदाला "हं" म्हणून तो खाली ठेवता येत नाही. अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर हाताला वळण लावायला कोणी बसलं नव्हतं.

आता झालं काय ते ऐक. मुलांच्या बास्केटबॉल संघाला यंदा पंचाहत्तर वर्षं होतायत म्हणून हॉलबाहेरच्या लांब बोळाला रंग द्यायचा ठरला. त्या बोळात दर वर्षीच्या संघाचा एकेक फोटो टांगलाय. ऑफिसातल्या साहेबांनी मला सांगितलं, फोटो उतरवा, पुसा, रंग वाळला की परत टांगा. आता पुसणं मला जमत नाही. मी धुते. (तुला माहीत आहे, आई म्हणायची हिला सूर्य दिला तर तोही घासून आणेल.) बादलीत साबणाचं पाणी केलं आणि फोटो चौकटीसकट पुढून-मागून स्वच्छ केले. मागे चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, कोणतं वर्ष, कोण कुठे उभा आहे त्याच्या. अर्ध्या तासात सगळी नावं बादलीत तरंगायला लागली. चिठ्ठ्या कठड्यावर वाळत घातल्या, पण शाई पाण्यात गेली होती आणि पाणी मी मोरीत ओतलं होतं.

साहेब डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, एवढं काय त्यात, लावते मी परत बरोबर. जे जिंकले त्यांच्या फोटोत पुढे कप ठेवलेला असतो, कपावर साल कोरलेलं असतं आणि कप कपाटात आहेत. त्यांचं सोपं होतं. अडचण हरलेल्यांची. हरलेल्यांचं साल कोणी कशावर कोरतं का? मग मी माझी युक्ती केली. वीस-बावीस फोटोंत मधल्या खुर्चीवर एकच माणूस बसलेला आहे, त्यांचे जुने मास्तर, संघाला शिकवणारे. मी त्यांच्या केसांवरून लावले. दाट केस आधी, मग विरळ, मग टक्कल. सांग, यात काय चुकलं? माणसाचे केस जातात, येत नाहीत.

तर दादा, या मास्तरांचे आले होते. पण ते पुढे सांगते.

संघाचा इतिहास लिहायला एक निवृत्त प्रोफेसर येतात, काडीसारखे बारीक, चष्मा दोरीने गळ्यात. ते माझ्या भिंतीसमोर स्टूल टाकून माझ्याच क्रमाने इतिहास उतरवत होते. (मला कोणी सांगितलं असतं की इतिहास असा लिहितात तर मी आधी हात पुसले असते.) एक दिवस त्यांनी मला पान वाचून दाखवलं. संघाने पहिला मोठा कप जिंकला, मग डोक्यात हवा गेली, आणि पुढच्याच वर्षी एकोणीस सामने खेळून एकोणीसही हरले. त्या फोटोत पुढच्या चेंडूवर खडूने लिहिलेलंच आहे, खेळले १९, जिंकले ०. मास्तर दर वर्षी चेंडूवर खरा हिशेब लिहायचे, लपवायचे नाहीत. मी ऐकून म्हटलं, बरं झालं मेल्यांचं, माज आला होता. आणि बादली उचलून पुढे गेले.

देवा, जीभ झडो माझी.

दुसऱ्या दिवशी सर भिंग घेऊन आले. म्हणाले, बाई, या हरलेल्या फोटोतल्या सगळ्यांची नावं जुन्या लोकांकडून मिळाली, मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा तेवढा राहिलाय, हा उंच. जरा फोटो उजेडात धरता का? मी धरला आणि सहज भिंगातून पाहिलं. दादा, बावीस वर्षं मी ती काच पुसलीय. काच पुसणारी बाई काचच बघते, आतला माणूस बघत नाही. तुझा डावा कान. तो जगावेगळा, दार उघडं राहिल्यासारखा बाहेर आलेला कान. आणि खाली हनुवटी छातीशी घेऊन तोच तुझा चेहरा, कोणी तरी रागावणार आहे असा. मी ओल्या फरशीवर मटकन बसले. सरांना वाटलं चक्कर आली, ते पाणी आणायला पळाले आणि माझ्याच बादलीला अडखळले.

पाणी प्यायले आणि म्हटलं, सर, हा माझा सख्खा भाऊ आहे, आणि तुमचं पान चुकलंय. ते म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, बाबांचा हात मशीनमध्ये गेला त्या वर्षी दादाने कॉलेज सोडलं आणि कारखान्यात लागला. त्याच वर्षी मी पहिलीत बसले, आणि ते साल माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे. (जन्मात मिळालेला एकच दाखला, म्हणून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलाय.) दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवला. कपावरचं साल त्याच्या पुढचं निघालं. म्हणजे कप जिंकून मग हरले नाहीत. आधी हरले, मग जिंकले. सरांनी चष्मा काढला, दाखला दोनदा वाचला आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल पेनने अख्खं पान खोडलं. दादा, चौथी शिकलेल्या बाईच्या पहिलीच्या दाखल्यावरून प्रोफेसरने इतिहास खोडला. मी त्यांना म्हटलं, निदान पेन्सिलीने तरी खोडा.

पण मास्तरांच्या केसांचं काय? आधीच्या हरलेल्या फोटोत टक्कल आणि नंतरच्या कपाच्या फोटोत दाट केस? ते कोडं सोडवायला सरांनी कप जिंकलेल्या संघाच्या कॅप्टनला शोधून आणलं. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलेला, आता काठी टेकत येणारा, माझ्या खांद्याएवढा माणूस. त्याला सगळे बुटका म्हणत, आणि तोही स्वतःला तेच म्हणतो. फोटो बघून इतका हसला की काठी पडली. म्हणाला, अहो बाई, वर्तमानपत्रवाले कपाचा फोटो काढायला येणार म्हणून मास्तरांनी केसांचा टोप आणला. एकदा छापून आल्यावर काढतात कसा? नऊ वर्षं उन्हातान्हात घालून फिरले बिचारे.

मग तो बोलत बसला आणि मी फरशी अर्धी सोडून ऐकत बसले, जे मी आजवर केलेलं नाही. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझ्या हाताने लिहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही. पहिला हॉल म्हणजे धान्याचं गोदाम होतं. पाच पोरं, भिंतीला ठोकलेली लोखंडी रिंग, आणि प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे मास्तर, ज्यांनी नियम पुस्तकातून पाठ केले होते. गोदामाच्या तुळया इतक्या खाली की चेंडू वर फेकला तर आपटून परत यायचा. म्हणून पोरं सरळ फेकायला शिकली, दगड मारावा तशी. बाहेरचे संघ यायचे, वर फेकायचे, तुळईला मारायचे आणि हरून जायचे. मग विद्यापीठाने कौतुकाने हा उंच छताचा हॉल बांधून दिला, आणि त्याच वर्षी संघ मेला. तुळई गेली तशी यांची विद्या गेली. सरळ फेकलेला चेंडू कोणीही हात वर करून अडवायचा. पहिला सामना हरले, पाचवा हरले, बारावा हरले.

बुटका म्हणाला, मग आमच्यातल्या उंचाने एक दिवस भिंतीला दोन खिळे ठोकले आणि रिंगसमोर आडवी दोरी बांधली. म्हणाला, आजपासून दोरीवरून फेकायचं. दर आठवड्याला दोरी वीतभर वर. नव्याने शिकताना त्यांचं होतं तेही बिघडलं, म्हणून उरलेलेही हरले. पण सरावाला एक दिवस एकही पोरगा चुकला नाही. एकोणीस सामने हरायचे आणि विसाव्या सकाळी यायचंच, हे मला सांग कुठून आणायचं? (ते खिळे अजून आहेत. माझं फडकं अडकतं म्हणून मी तीन वेळा ऑफिसात तक्रार केलीय. आता कोणी काढून दाखवावेत.)

आणि तेव्हा मला आठवलं, आपल्या मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी. आई रोज ओरडायची, कोण मेला दोरी वर वर बांधतोय, माझा हात पुरत नाही. तू फडक्यांचा बोळा दोरीवरून फेकून पलीकडच्या घमेल्यात पाडायचास. मला वाटायचं, कॉलेजात जाऊन याचं डोकं फिरलंय. तू घरी शिकत होतास, आणि सकाळी जाऊन त्यांना शिकवत होतास. आणि संघाचा नेम बसला, तेव्हा बाबांचा हात गेला आणि तू कारखान्यात गेलास.

बुटक्याने हेही सांगितलं की कप घेऊन सगळे कारखान्याच्या गेटवर आले होते. तू तेलाचे हात पुसून कप धरलास, म्हणालास, "दोरी काढू नका," आणि भोंगा झाला म्हणून आत गेलास. घरी येऊन त्या रात्री तू काय सांगितलंस? काही नाही. जेवलास आणि माझी पाटी पुसून दिलीस.

आता शेवटचं. त्या कपाच्या फोटोत मागच्या रांगेत एक फट आहे, एका माणसाएवढी. मला कायम वाटायचं, फोटो काढणारा आंधळा होता, पोरांना जरा सरका म्हणता आलं नाही. मी बुटक्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "तो म्हणत होता हो, सरका. आम्ही सरकलो नाही." ती डावीकडून तिसरी जागा आहे, दादा.

मला यापुढे लिहिता येत नाही. वहिनीला सांग, काळजी करू नको.

तुझी धाकटी बहीण

ता. क. वर सुरुवातीला रागावून लिहिलंय. रागावलेले नाही. पण ते खोडायला गेले तर कागद फाटेल, म्हणून राहू दे.

ता. क. दुसरा. तो हरलेला फोटो भिंतीवर नाही, माझ्या घरी आहे, आरशाशेजारी. सरांना वाटतंय चौकटवाल्याकडे गेलाय. एका दिवसासाठी आणला होता, आज नववा दिवस.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी आहे. येत्या रविवारी कप जिंकलेल्या संघातले जे उरलेत, त्यांचा त्याच जागी पुन्हा फोटो काढायचाय. पाच जण आहेत. बुटका म्हणतो, फट तशीच ठेवू. मी त्याला सांगितलं, काठी घेऊन गप्प उभा राहा, फट भरणार आहे. तेव्हा तू येतोयस. फोटोवाल्याला माणसं किती ते शुक्रवारी कळवायचंय, म्हणून तुझं उत्तर मला गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मिळालं पाहिजे. "येतो" असेल तर टपालाने चालेल. "नाही" असेल तर ते चालणार नाही, गुरुवारीच इथे येऊन माझ्या तोंडावर सांगायचं, आणि मग रविवारपर्यंत राहायचं.