तारा न उतरवलेला तंबोरा

बाई, तुमच्या तंबोऱ्याला तडा गेला. भोपळ्यावरची लाकडी तबली फुटली, तारांखालच्या घोडीपासून खाली चांगली वीतभर. तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलानं तो माझ्या हवाली केला, तेव्हापासून मी तो घराबाहेर काढला नव्हता. या वेळी दिल्लीत गायचं होतं, म्हणून काढला. गवसणी, वर दोन गोधड्या, त्यावर लाकडी पेटी, पेटीवर चारी बाजूंनी ‘नाजूक’ लिहिलेले कागद. सगळं केलं, फक्त तारा उतरवल्या नाहीत. विसरले नव्हते. खुंटीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

लोहगावच्या विमानतळावर आपण दोघी होतो, तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी विशीतली, विमानात पहिल्यांदाच बसणार. तुम्ही बाकावर बसून, तंबोरा मांडीवर आडवा घेऊन एकेक खुंटी सैल करताय. तपासणीचा माणूस विचारतो, “यात काय आहे?” तुम्ही मान वर न करता म्हणता, “भोपळा. भाजीचा नाही, जपून धरा.” मला हसू फुटतं, आणि त्या भरात मी शेवटच्या खुंटीला हात लावते. “हात काढ! लावायचं काम तुझं, उतरवायचं माझं.” सगळ्यांसमोर. मी रडकुंडीला आले होते. पुढे सदाशिव पेठेतल्या तुमच्या माडीवर वर्षानुवर्षं तंबोरा मीच लावला, पण प्रवासाला निघताना उतरवलात तुम्हीच. तुम्ही गेल्यावर तो नियम संपला की राहिला, हे विचारायचं कुणाला? मी पाळला तो मान होता, भीती होती, की इतकी वर्षं जपलेला राग, मला खरंच कळत नाही. तुम्ही कधीतरी शिकवणार होतात का? की माझ्या हातावर तुमचा भरवसाच नव्हता?

परवा दुरुस्तीवाल्यांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “अहो ताई, चढवलेल्या तारांसकट विमानात घातलात? त्या ताणानं तबली फुटणारच. वर ढगांत मैफल होती का?” मग त्यांनी विचारलं, “आपण शिकलात कुणाकडे?” गुरूचं नाव घ्यायचं म्हणून माझा हात सवयीनं कानाच्या पाळीपर्यंत गेलासुद्धा, आणि मी म्हणाले, “कुणाकडे नाही. ऐकून ऐकून आलं.”

तबली बदलावी लागेल, आवाज तोच राहील असं सांगता येत नाही, म्हणाले. हे लिहिलेलं तुमच्या मुलाला द्यावं, निदान त्याला तरी खरं कळावं, असं सकाळपर्यंत मनात होतं. पण नाही देणार. तुमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मी खोटं बोलले, असंच तो समजेल आणि वर माझं कौतुक करेल. तसं नव्हतं, बाई. तुम्हाला नाकारताना मला क्षणभर फार मोकळं वाटलं.