टँकरचा फोटो

गुरुवार, रात्र

दुपारी आमच्या पालेगावच्या बिल्डिंगमागे एका टँकरने नाल्यात पाइप सोडला. पाणी लालभडक झालं, डोळे चुरचुरायला लागले. गॅलरीतून मी नंबरप्लेटसकट फोटो काढला आणि पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. ड्रायव्हरने वर पाहिलं होतं. तेव्हाच आत व्हायला हवं होतं का?

संध्याकाळी बेल वाजली. दारात अनोळखी माणूस, हसतमुख. “मॅडम, फोटो डिलीट करा, तक्रार मागे घ्या. तुमची मुलगी क्लासवरून एकटीच येते ना?” हे बोलतानाही तो हसत होता. ते हसणं डोळ्यांपुढून जातच नाही.

ह्यांना फोन केला तर म्हणाले, “नसत्या भानगडी कशाला? घे मागे.” मी घेणारच होते. तेवढ्यात समोरच्या म्हात्रे काकू आल्या. “दाराआडून ऐकलं मी सगळं. माझ्या नावानेपण तक्रार टाक. मग पोलीस चौकीत जाऊ, दोघी.”

गेलो. धमकीची तक्रार लिहून घेतली त्यांनी. काकू एवढ्या खमक्या, पण परतताना माझा हात घट्ट धरून होत्या. त्यांचाही तळवा घामाने ओला होता.

उद्या सईला आणायला मीच जाणार. तिला कारण काय सांगू?