बेशरमीचा धुरा

प्रिय दादा,

तुझा फोन आल्यापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे: तू इतक्या प्रेमाने का बोललास? एरवी तुझा फोन म्हणजे आईची औषधं, नाहीतर मोटर जळाली. या वेळी माझ्या नोकरीची विचारपूस, नांदेडच्या उन्हाची विचारपूस, आणि शेवटी जाता जाता, सोमवारी गावातली चार माणसं आपल्या आणि गुणामावशीच्या रानांमधला धुरा बघायला येणार आहेत. जुनं कुंपण जिथे, तिथेच धुरा, हे मावशीलाही मान्य आहे म्हणालास. "तू झाडपाल्याची शिकलेली. कुंपण जुनंच हाय एवढं सांग, तुझं ऐकतील. म्हातारी लई आगावपणा करून राहिली."

दिवाळीला मी धुऱ्यावर गेले होते, आठवतं? तुला वाटलं, फोटो काढायला. गुणामावशी तिच्या रानात कापूस वेचत होती. मला बघून म्हणाली, "ये गं. माझा लिंब बघाया आलीस का? तू त्याच्याखाली बसून माझी भाकर खायचीस, तवा माझा होता. आता चालत गेला तुमच्याकडं." ती हसत होती. मी हसले नाही. कडुलिंब चालत नाही. आपल्या कुंपणाची बेशरम मात्र चालते.

ती मुळात इथली नाही, दक्षिण अमेरिकेतली. जनावर तोंड लावत नाही म्हणून आजोबांनी कुंपणाला लावली. तिची फांदी वाकवून ओल्या मातीत दाबली की तिथेच मूळ धरते. आपोआप वाकणाऱ्या फांद्या दोन्ही बाजूंना पडतात. आपल्या कुंपणाच्या सगळ्या फांद्या मावशीच्या रानाकडे वाकलेल्या आहेत. आजोबांच्या हातचं कुंपण, आणि त्यात मनगटाएवढं एकही खोड नाही. जुनी खोडं मला लिंबाच्या अलीकडे सापडली, आपल्या नांगरटीत. एका रेषेत, कुदळीने उकरलेली, कुजत पडलेली.

त्यानंतर मला तुझा चांगुलपणा आठवला. दरवर्षी पाऊस उघडला की तू मावशीला हाक मारायचास: बेशरम जुनी जुनी तोडून न्या, कुडाला चांगली, पैसे नकोत. ती भारे बांधून न्यायची, शेळ्यांच्या गोठ्याला कूड घालायची, वरून शेणमातीने लिंपायची. भुजंग देवमाणूस, असं तुझ्याबद्दल गावभर सांगायची. तुझा हा दिलदारपणा मीही ऑफिसात सांगितला आहे. आता मला एवढंच दिसतं की स्वतःचा धुरा तिने स्वतःच्या डोक्यावरून वाहून नेला आणि वर तुला दुआ दिली. तिच्यामागे उरलेली खोडं कुणी उकरली, हे मी विचारत नाही.

तू मला बहीण म्हणून बोलावलंस की साक्षीदार म्हणून, तेही विचारत नाही.

फोनवर हे बोलले असते तर तू फोन आईच्या हातात दिला असतास, म्हणून लिहिलं. मी शनिवारीच येते. निरगुडीच्या काड्या आणते. तिलाही जनावर खात नाही, आणि ती इथलीच आहे. त्या कुठे लावायच्या, ते तू मावशीला बोलावून स्वतः दाखव. मग सोमवारी त्या माणसांना चहा पाजून परत पाठवता येईल. नाही दाखवलंस, तरी मी सोमवारी धुऱ्यावर असेन. तुझ्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. ते झाडाबद्दल विचारतील, मी झाडाबद्दल सांगेन.

तरीही तुझीच,
ऋतुजा