भोपळ्याला पहिली चीर

बुसैतीन, बहारीन
५ ऑक्टोबर

ती. ताईस,
मेधाचा साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा जेवढी अंगं पोचतील तेवढी गोड मानून घे.

पत्रास कारण, माझ्या राज्यावर आक्रमण झालं आहे. फ्रिजचा खालचा, भाजीचा कप्पा एका भोपळ्याने बळकावला. कोथिंबीर निर्वासित होऊन अंड्यांच्या शेजारी उभी आहे, दह्याचं पातेलं रोज नवा आसरा शोधतं, आणि कारली कुठे गेली ते मलाही माहीत नाही. शैलेंद्रचं म्हणणं, एवढं काय त्यात. ज्या माणसाचा फ्रिजशी संबंध पाण्याच्या बाटलीपुरता, त्याने असं म्हणावं हे ओघानेच आलं.

बरं, भोपळा खायचा नाही, रंगवायचा आहे. आर्याच्या शाळेने सहावीला 'फॉल प्रोजेक्ट' दिलं आहे. फॉल म्हणजे पानगळ. इथे आज सदतीस डिग्री आहे. पानगळ व्हायला आधी पानं लागतात, हे शाळेला कोणी सांगायचं? प्रत्येकाने एक भोपळा घ्यायचा, त्यावर आपल्या देशातल्या सुगीचं चित्र काढायचं, आणि महिनाअखेर शाळेच्या हॉलमध्ये मांडायचा. बाहेर ठेवला तर उकाड्याने नासतो, म्हणून फ्रिजात.

ही रंगरंगोटी चालते खालच्या मजल्यावर, अख्तरआपांकडे. पूर्ण नाव अख्तरुन्निसा, राजापूरकडच्या. नवरा रहिमतुल्ला मनाम्यात स्पेअर पार्टच्या दुकानावर असतो, मुलगा फराज लग्न करून हमद टाउनला गेला. शाळा सुटल्यापासून मी ऑफिसातून येईपर्यंत आर्या त्यांच्याकडे असते, त्यांना 'खाला' म्हणते. ही सोय मीच लावली, हे आधीच कबूल करते, नाहीतर तू सुनावशील. तर भोपळ्यावर राजापूरची खाडी अवतरली आहे. आर्याने ती खाडी जन्मात पाहिलेली नाही. आपल्या कऱ्हाडला मात्र ती दर सुट्टीत येते आणि संगमावर भेळही खाते. असो.

हे सगळं कागदावर अशासाठी, की माझे मेसेज घरच्या टॅबवर उघडतात आणि टॅब आर्याच्या ताब्यात असतो. छापील मराठी ती अडखळत वाचते, पण माझ्या अक्षरापुढे हात टेकते. ऑफिसातलं कुणी ना कुणी मुंबईला निघालेलं असतंच, त्यांच्या बॅगेत कोंबते. तूही तसंच पाठव.

भाऊजींना नमस्कार. लोभ कर, आणि शक्य तर माझीच बाजू घे.

तुझी,
मेधा


मुलुंड
११ ऑक्टोबर

चि. मेधास,
आशीर्वाद. सगळे एकदम देत नाही, पुढचं पत्र बघून उरलेले देईन.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोथिंबिरीचे हाल सविस्तर कळले. आर्याचं मात्र अख्ख्या पत्रात एक वाक्य नाही, की ती काय म्हणते, कशी आहे. तुला कप्पा गेल्याचं दुःख नाही गं. पोरीने दुसऱ्या बाईच्या गावचं चित्र काढलं, ते सलतंय. तुझी 'असो' मी लहानपणापासून ओळखते. माझ्या फ्रॉकला झालर लावली आणि तुझ्या नाही, तेव्हाही तू असंच 'असो' म्हणून माझी झालर कुरतडली होतीस.

आर्या फोनवर मलाही 'हाय मावशी'च्या पुढे जात नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि तुझे भाऊजी मधे बसून दोन्हीकडे मान डोलावतात. परदेशातल्या पोरांचं असंच असतं म्हणून मी सोडून दिलं. तूही सोड.

आणि कप्पाच हवा असेल तर उपाय सोपा आहे. भोपळ्याचे घारगे कर. फक्त पहिली चीर शैलेंद्रकडून पाडून घे. आईने जन्मात अख्ख्या भोपळ्याला सुरी लावली नाही. बायकांनी लावायची नसते, आधी पुरुषाचा हात लागावा लागतो. बाबा फिरतीवर असले की भोपळा माळ्यावर त्यांची वाट बघत बसायचा, आणि आपण भाजीची.

चेष्टा करते आहे, कळलं ना? तुझा भरवसा नाही म्हणून विचारते.

आहे तेवढ्या लोभात भागव.

तुझी ताई


बुसैतीन
१७ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार. आज तो उभ्याउभ्याच घे, कारण लिहिता लिहिता मला कढईकडे बघायचं आहे.

रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, ऑफिसातली सिस्टीम बंद पडली म्हणून लवकर घरी आले. आपांचं दार अर्धं उघडं होतं. आत एक मुलगी भरभरून मराठी बोलत होती. मला वाटलं, आपांच्या नात्यातली कुणी गावाहून आली असेल. बोलणं राजापूरचंच होतं. वर्गातली मेहरीन तिच्या शेजारी बसत नाही, पीटीच्या तासाला हिला कुणी टीममध्ये घेत नाही, डबा ती बाथरूमजवळच्या पायरीवर बसून खाते, असं ती मुलगी सांगत होती. मी दारातून डोकावले. ताई, ती आर्या होती. हातात ब्रश, गालाला निळा रंग, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

मी रोज विचारते, शाळेत काय झालं. उत्तर येतं, 'फाइन.' पुढे विचारलं तर 'नथिंग, मॉम.' मी हिच्यासाठी बॅगा भरून मराठी पुस्तकं आणली. दर शुक्रवारी मंडळाच्या वर्गाला घातलं, तिथे ती कमळाच्या 'क'वर डोकं ठेवून झोपली. आणि आपांनी काय केलं? काही नाही. त्यांना इंग्रजी येत नाही, एवढाच त्यांचा पराक्रम. बाईंनी माझी मुलगी फुकटात पटकावली, वर मला जिन्यात भेटून गोड हसतात आणि म्हणतात, पोर गुणाची आहे हो तुझी. 'तुझी' म्हणतात. आभारी आहे.

मी दार न वाजवता वर आले आणि दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला ते किती जड जातं, तुला माहीत आहे.

आज शैलेंद्र सित्र्याला सेकंड शिफ्टला आहे. मी अर्धी रजा टाकली. भोपळा काल रात्री वर आणून ठेवलेला होता, तो ओट्यावर घेतला. खाडी, खाडीत होडी, काठाला कौलारू घर, घरावर चढवलेला भोपळ्याचा वेल, आणि वेलाला मसुराएवढे भोपळे. पाण्यात एक मासा. चित्र चांगलं आहे. वाईट असतं तर माझा हात धजावला नसता.

सुरी मीच लावली. पहिली चीर होडीतून गेली. साल जाड काढली, रंग आत उतरलेला नव्हता. कीस आता गुळात शिजतो आहे. काय सांगायचं तेही ठरवलं आहे: भाजीचा वाटला म्हणून चिरला. केराच्या डब्यातल्या सालीवरून तो मासा एकटक वर बघत होता. झाकण लावून आले.

जिन्यात पावलं वाजताहेत. थांबते.

मेधा


मुलुंड
२१ ऑक्टोबर

मेधा,
आशीर्वाद बिशीर्वाद मागाहून.

ऐन नवरात्रात, सवाष्णीने, अख्ख्या भोपळ्याला, पुरुष घरात नसताना! आई असती तर तुझ्यावरून आधी मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या आणि मग लाटणं घेऊन मागे लागली असती. हे लिहून झालं, आता खरं बोलते.

भाजीचा वाटला? त्याच्यावर घर होतं, होडी होती, मासा होता. कुठल्या मंडईत मिळते अशी भाजी? सहावीतल्या मुलीला तू इतकी भोळी समजतेस? ज्या पोरीला शाळेत शेजारी बसायला कुणी नाही, तिने एका गोष्टीत जीव घातला आणि ती तू तळलीस. तुझ्या पत्रात तू पायरीवरच्या डब्याबद्दल दीड ओळ लिहिलीस आणि आपांच्या हसण्यावर तीन. मोजून बघ.

हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. मला तुझी काळजी वाटते म्हणून लिहिते, आणि आर्याची जास्त वाटते.

काय म्हणाली ती? पहिल्या मिळेल त्या माणसाबरोबर पत्र पाठव. घारगे कसे झाले ते लिहू नकोस. लिहिलंस तर वाचीन, पण लिहू नकोस.

लोभ तूर्त आर्याच्या नावे जमा करते आहे.

ताई


बुसैतीन
४ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार. उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही हाती लागत नव्हतं.

आर्या आली ती गुळाच्या वासाने खूश होऊन. मग फ्रिज उघडला. मग केराचा डबा उघडला आणि ती माशाची साल हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तिने ते पूर्ण होऊ दिलं आणि मग म्हणाली:

"आई, तुला ठाव होतं तो माझा हाय. मग कशाला कापलास?"

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी, अर्धा क्षण, कानांना बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा 'आई', पहिल्यांदा सबंध मराठी वाक्य, तेही मला उद्देशून. असलं काही तुझ्याशिवाय कुणाला लिहिता येत नाही.

मग मी खरं सांगितलं. म्हटलं, खालाला सगळं सांगतेस, मला काहीच नाही, म्हणून कापला. तिने जरा विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं, की मी मराठीत बोलले की तू हसतेस, दुरुस्त करतेस, आणि मग पाहुण्यांना गोष्ट करून सांगतेस. खाला हसत नाही. एवढं बोलून ती खोलीत गेली.

ताई, मी आठवून बघितलं. आजोबांचे पांढरे झालेले केस बघून ती 'आजोबा पिकले' म्हणाली होती, ती गोष्ट मंडळाच्या दिवाळीत मी माइकवर सांगितली होती. हशा चांगला मिळाला होता. आर्या पहिल्या रांगेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी खाली गेले. आपा मोरीपाशी पाटावर बसून बांगडे साफ करत होत्या. आर्याने त्यांना सांगून ठेवलं होतं, आईने चुकून कापला. माझ्यासाठी ती खोटं बोलली, तेही माझ्याच शत्रूपाशी. मी म्हटलं, चुकून नाही, जाणूनबुजून, तुमच्यावरच्या रागाने. आपांनी मान वर केली नाही. बांगड्याचं पोट साफ केलं, हात धुतला आणि म्हणाल्या, "कापलास तर कापलास. घारगे का नाय पाठवलेस खाली?"

मी उरलेले नेऊन दिले. गूळ कमी पडलाय म्हणाल्या. पडलाच होता.

प्रदर्शनाचं म्हणशील तर, आपांनी स्वतःच्या स्वयंपाकाला आणलेला भोपळा तिच्यापुढे ठेवला, आणि घाईघाईत दुसरी खाडी झाली. या वेळी होडी जरा तिरपी, मासा नाही. पहिलं बक्षीस ज्या भोपळ्याला मिळालं त्यावर बर्फ पडत होता. शाळेत ऋत्विक म्हणून एक मुलगा आहे, त्याने तिला होडी कशी काढली ते विचारलं, आणि आता डबा ती त्याच्याबरोबर खाते. ही बातमी मला शैलेंद्रकडून कळली, त्याला आपांकडून. मी अजून रांगेत शेवटीच आहे.

मी सुधारले असं समजू नकोस. जिन्यातून जाताना त्यांच्या दाराआडचं हसणं ऐकू आलं की अजून पायऱ्या दणादण आपटत चढते. आर्याची पुन्हा मी 'मॉम' झाले आहे. आई व्हायला दरवेळी भोपळा कापावा लागणार असेल तर अवघड आहे. काल मात्र जेवताना म्हणाली, मना भात नको. जिभेच्या टोकावर आलेलं मी आमटीबरोबर गिळलं. ठसका लागला. तिने पाणी दिलं, आणि बहुतेक तिला कळलंही.

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या वाण्याकडे, जाऊन त्यातल्या त्यात मोठा, डाग नसलेला भोपळा निवडला. आपांच्या दाराशी आले तर आतून आवाज येत होते. फराजची मुलगी सुहा हमद टाउनहून आली होती. आपा नातीला मराठीत काहीबाही विचारत होत्या, ती इंग्रजीत उत्तर देत होती, आणि मधे बसून आर्या दोघींचं बोलणं एकमेकींना सांगत होती. आपा तेच तेच पुन्हा विचारत होत्या, उत्तर कळूनही. सुहा कंटाळली होती. आर्या कंटाळली नव्हती.

मी तिथे उभी राहिले. मग भोपळा चपलांशेजारी घरंगळणार नाही असा टेकवून ठेवला आणि बेल न वाजवता वर आले.

तुझ्या लोभातला माझा वाटा आर्याकडे वळवलास ते योग्यच केलंस. उरलासुरला असेल तेवढा मला पाठव, मी जपून वापरीन.

तुझी,
मेधा