राखेचं पाणी

तिरुपूर, रविवार

प्रिय वर्षाताई,

चूल काढली तिथंच सगळं बिघडलं, हे मी आजपण म्हणणार. तू फोनवर कितीपण तोंड सोड. आणि आता आईच्या परड्यातले करांद्याचे वेल मुळासकट उपटून टाकणार म्हणतीस, ते तर मला अजिबात पटलेलं न्हाय. वेलानं काय घोडं मारलंय तुझं? बिचारा पावसाळ्यात शेवग्यावर चढतोय, दिवाळीला पानाच्या बेचक्यात करांदे धरतोय आणि थंडी सरली की गुमान वाळून जातोय. आपल्यागत कुणाला उलटून बोलत न्हाय. परवा तू बोलता बोलता फोन आपटलास, तवापासनं लावला की दाजी उचलत्यात आणि ती गोठ्यात हाय म्हणत्यात. भर दुपारी बाराला कसली धार काढतीस गं? म्हणून लिहायला बसलोय. आपला जोतीराम इचलकरंजीची सुताची गाडी घेऊन हितं आलाय, उद्या परत निघंल, त्याच्याच हाती देतो. आठवीत शाळा सोडल्यापासनं एवढं कधी लिहिलेलं न्हाय. चुकलं असंल तर हसू नको.

हितलं काम बरं हाय. कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर हाय मी. दिवसभर लाकडं आत घालायची आणि राख बाहेर काढायची. भाषा कळत न्हाय, पण राख ओढायला भाषा लागत न्हाय. तू म्हणशील, पुण्यात हॉटेल झालं, सुरतेत माग झाला, आता हे किती दिवस? खरं सांगू, मलापण ठाऊक न्हाय. एका जागी चार महिने झाले की अंगात मुंग्या येत्यात. हितल्या पोरांना सांगितलं की आमच्याकडं बटाट्यासारखे कंद वेलाला वर लटकत्यात, तर फिदीफिदी हसली. मग मी बी हसलो. पण रोज दहा-दहा गाडे राख मागच्या खड्ड्यात ओतताना डोक्यात एकच येतंय, ह्यातलं एक घमेलं आईच्या हाताशी असतं तर.

तुला आठवतंय का, कडू करांदा आईनं मलकापूरच्या माहेरातनं ओच्यात घालून आणलेला. गोडा शेजारच्या चिमणाबाईनं दिलेला. दोन्ही वेल शेजारी शेजारी लावले, करांदे गळून पडले, जागोजाग उगवले, आणि चार-पाच वर्षांत कुठला कडू नि कुठला गोड ते आईशिवाय कुणाला कळंना झालं. ती पान हातात धरून सांगायची. कडू असला तर साल काढायची, चकत्या करायची, चुलीतली राख पाण्यात कालवून त्यात उकळायची, ते पाणी लांब नेऊन ओतायची, परत राख, परत उकळी, आणि तिसऱ्यांदा साधं पाणी नि मीठ. तोवर आपल्याला जवळ फिरकू द्यायची न्हाय. मी एकदा कच्ची चकती चाटली आणि सांजपर्यंत जीभ बाहेर काढून फिरत हुतो, तू सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलंस. चिमणाबाई ताटली घेऊन यायची आणि म्हणायची, तुमच्या हातात आल्यावर कडूचं कडूपण कुठं जातंय कोण जाणे. आई नुसती हसायची.

तुझ्या राजवीरचं ऐकल्यापासनं मला भाकरी जात न्हाय. सहा वर्षांचं पोर. आजीनं प्रेमानं करांदे दिले म्हणून खाल्ले असतील, तोंड वाकडं करत का होईना. कुकरला दोन शिट्ट्या, वर मीठ, झालं. उलट्या, घसा सुजलेला, दोन दिवस सलाईन. आणि तू आईला विचारलंस, राख घातलीस का, तर ती तुझ्याकडं बघून म्हणाली, कसली राख गं? तू हे सांगितलंस तवा मी तुझ्यावरच वरडलो. चूल असती, राख डोळ्यांसमोर असती, तर तिच्या हातानं आपसूक घेतली असती, असं म्हणालो. तू म्हणालीस, ती आता माझं नावपण दोनदा विचारती, ते काय चुलीमुळं? आणि फोन आपटलास.

चुलीचं तुझ्यावर ढकललं ते चुकलं. ओट्याचे नि गॅसचे पैसे मीच पाठवलेते. आईला खोकला हुता, धूर नको म्हणून मीच मागं लागलेलो. तू तर म्हणत हुतीस, राहू दे एक कोपऱ्यात. पण मी चुलीचा एवढा गवगवा का करतोय, ते तुला अजून सांगितलेलं न्हाय. फोनवर जमलं नसतं.

दिवाळीला आलेलो, त्यातला शेवटचा दिवस. तू दाजींबरोबर कोल्हापूरला गेलतीस. निघायच्या आधी आईनं वाडग्यातनं करांदे दिले. पहिला घास तोंडात घेतला आणि कळलं. तीच लहानपणीची कडू जळजळ. वर बघितलं तर आई पुढ्यात उभी, पदराला हात पुसत, आणि म्हणती, बेस झाल्यात न्हवं? मी व्हय म्हणालो. सगळे खाल्ले, ताई. एक ठेवला न्हाय. कोल्हापूरच्या स्टँडमागं सगळं उलटून पडलं, मिरजेला रेल्वेत बसलो तरी घसा पेटलेला. तवाच कळलं हुतं मला, आई विसरायला लागली. तुला एक फोन करायचा हुता. गाडी सुटेपर्यंत हातात फोन धरून बसलेलो. पण सांगितलं असतं तर कुणाला तरी गावात थांबायला लागलं असतं, आणि तू आधीच दोन घरं बघतीस, म्हणजे ते मीच हुतो. म्हणून गप बसलो. त्या गप बसण्याचं फळ राजवीरनं खाल्लं. आतापण मी येतो म्हणून लिहायला पेन उचलतोय आणि हात पुढं जात न्हाय, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? वेल उपट. कडू-गोड निवडत बसू नको, आता कुणाला निवडता येणार न्हाय. फक्त आई दुपारची झोपली की उपट, तिच्या देखत नको. उठून विचारलं तर सांग, पृथ्यानं सांगितलं. माझ्यावर ती कधी रागावली न्हाय. दवाखान्याचं बिल साडेनऊ हजार झालं म्हणालीस, ते मामा म्हणून न्हाय, मी केलं म्हणून मला द्यायचंय. जोतीरामकडच्या पाकिटात आता एवढेच हायेत, तीन हजार सातशे.

तुझाच
पृथ्या